थोरलीला एक घोट

शेवटी त्या दोघांचं लग्न झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कुणी विचारलंच तर सांगा, नेमकं तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलं होतं. आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. आपण आत्ताच आलोय, छत्री झटकतोय, आणि समोर बागेतल्या जुन्या काचघराच्या दारात एक मुलगी हातात झारी घेऊन उभी आहे. आत एक तरुण गुडघ्यांवर बसून झुडूप चाटतोय.

मुलीनं थोडी वाट पाहिली. तिला वाटलं, थांबेल. तो थांबला… आणि सरकून त्यानं पुढच्या झुडपाचं पान तोंडात धरलं.

"अहो," ती म्हणाली, "डबा विसरलात का?"

तो इतका दचकला, की गळ्यातल्या दोरीला लटकणारं भिंग उडून त्याच्याच नाकावर आपटलं.

"नाही, म्हणजे… मी ओळखतोय."

"कुणाला?"

"यांना. पान खारट लागलं तर ते या कुळातलं. नाही लागलं तर बाहेरचं कुणीतरी घुसलंय."

"आणि विषारी निघालं तर?"

"तेही कळतं." त्यानं जरा विचार केला. "थोडं उशिरा."

मुलगी हसली. झारीतलं पाणी हिंदकळून दोन थेंब वाळूत पडले. त्या थेंबांकडे तो असा बघत राहिला, जसा एखादा बाप पोरीच्या हातातल्या पहिल्या सिगरेटकडे बघेल.

"ती झारी," तो हळूच म्हणाला, "बाहेर ठेवता?"

ती झारी बाहेर ठेवणं सोपं नव्हतं. बागेत सगळे तिला 'झारी' म्हणूनच हाक मारत. नोकरीला लागल्यापासून ती नेचेघरात, म्हणजे फर्नच्या काचघरात होती. तिथे दिवसभर फवारे चालत, भिंतींना शेवाळं धरे, आणि सकाळी सरळ केस घेऊन आलेला माणूस दुपारी कुरळे केस घेऊन घरी जाई. तिथून तिची बदली या कोरड्या विभागात झाली. बदली अधीक्षकबाईंनी केली होती. जिला पाण्यातलं एवढं कळतं तिला पाणी न देण्यातलंही कळणारच, असा त्यांचा हिशेब. याच हिशेबानं त्यांनी आधी निद्रानाश असलेल्या पहारेकऱ्याला बाकांवर झोपलेल्यांना उठवायचं काम दिलं होतं. ते उत्तम जमलं, हीच खरी अडचण.

आणि त्या तरुणाला सगळे 'भिंग' म्हणत. झाडं ओळखायची, नाव पक्कं करायचं, पाटी लावायची, हे त्याचं काम. चुकीचं नाव त्याला दातात अडकलेल्या धाग्यासारखं छळायचं. त्याचे काका मोठ्या आजारातून शुद्धीवर आले, तेव्हा त्यांच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य होतं, "काका, या शुभेच्छापत्रावर लिली लिहिलंय, पण ही लिली नाही." काका पुन्हा बेशुद्ध झाले. डॉक्टर म्हणाले, संबंध नाही. काकूंना अजून तसं वाटत नाही.

तर त्या दिवशी बाहेर पाऊस होता. बागेत पाऊस पडत होता आणि कोरड्या विभागात पावसाचा नुसता आवाज पडत होता. काचेच्या छपराखाली, भरड वाळूत, ती झुडपं चंदेरी-राखाडी अंग घेऊन बसली होती. पिठात लोळून आल्यासारखी. वर एवढं पाणी कोसळतंय याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

"दिसायला अगदीच…" झारीनं शब्द शोधला.

"उदास?"

"धुळीनं भरलेली. पुसायची का?"

"ती धूळ नाही, मीठ आहे." भिंगानं गळ्यातली दोरी काढून भिंग तिच्या हातात दिलं. "बघा. पानावर बारीक फुगे दिसतात? मुळांतून येणारं मीठ त्या फुग्यांत साठवतात. ऊन परतवून लावतात. पाणी नाही तर नाही म्हणतात, पानं गाळतात, गप्प बसतात. वाटतं मेली. मेलेली नसतात."

"माझ्या आत्याचं असंच आहे. रुसली की."

"पालक आणि बीट याच घराण्यातले," तो म्हणाला. आता त्याला चढलं होतं. "ते म्हणजे शहरात जाऊन नोकरीला लागलेले पुतणे. आणि हे वाळवंटात मागे राहिलेले हट्टी काका."

"काका? सगळे पुरुषच?"

"तेच तर सांगता येत नाही ना. काही झुडपं नर असतात, काही मादी. आणि काही एका वर्षी मादी, दुष्काळ पडला की पुढच्या वर्षी नर."

झारीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. "म्हणजे यांच्यात स्थळं बघायला जाणाऱ्यांचे किती हाल!"

तो हसला. त्याचे कान लाल झाले. हे त्याच्या कानांचं कायमचं होतं, तोंडानं काहीही म्हटलं तरी कान आपली बाजू वेगळी मांडत.

तिनं एक पान तोडून जिभेवर ठेवलं. खारट! मग मागून, अगदी सावकाश, किंचित कडू.

"कडवट पण आहे," ती म्हणाली.

पान कुठल्या झुडपाचं ते भिंगानं वळून पाहिलं. "ते सगळ्यांना लागत नाही," तो म्हणाला, आणि कान… जाऊ द्या.

ते कडवट पान थोरलीचं होतं.

थोरली म्हणजे त्या विभागातलं सगळ्यात जुनं झुडूप. मोठ्या कुंडीत, कमरेएवढं, आणि बागेत तिच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं. तिच्या पाटीवर नाव होतं आणि नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. ते प्रश्नचिन्ह भिंगाच्या उरावर बसलं होतं. या कुळात नाव ठरतं ते फळावरून. फळाभोवतीचे इवलेसे पंख कसे आहेत, पंख्यासारखे की करवतीसारखे, यावर. आणि थोरली फळ धरायला तयार नव्हती.

आणि हे प्रश्नचिन्ह नुसतं त्याच्या उरावर नव्हतं. अधीक्षकबाईंच्या काखेत कायम एक गुंडाळी असे. त्या गुंडाळीत कोरड्या विभागाच्या जागी होणाऱ्या वाहनतळाचा आराखडा होता, बाणांसकट. समितीनं एवढंच म्हटलं होतं: या दुर्मीळ झुडपाचं नाव पक्कं झालं आणि ते जिवंत उभं दिसलं, तर विभाग राहील. नाहीतर बाण.

विभाग गेला, तर झारी परत नेच्यांत आणि भिंग कचेरीत, वाळलेल्या पानांच्या कपाटासमोर. मध्ये सबंध बाग. ही गोष्ट दोघांनीही एकमेकांना सांगितली नव्हती. दोघंही ती रोज मनात मोजत होते.

त्या वर्षी थोरलीनं फळ धरलं. मूठभरच, पण धरलं.

काही बिया पेरायला घेतल्या. या बिया पेरण्याआधी धुवाव्या लागतात. मीठ निघेपर्यंत. नाहीतर त्या रुजतच नाहीत, समुद्रात पडल्यासारख्या बसून राहतात. दोघं एका तसराळ्यापुढे बसायचे. पाणी ओतायचं, बोटानं ढवळायचं, बोट जिभेला लावायचं.

"खारट?"

"खारट."

पाणी ओतून द्यायचं. पुन्हा ओतायचं. तसराळं लहान होतं, त्यामुळे त्यात चार बोटं मावत, पण एकमेकांना लागल्याशिवाय मावत नसत. मोठं तसराळं शेजारीच पडलं होतं. कुणालाच दिसलं नाही.

"आता?" तिनं एका संध्याकाळी विचारलं.

त्यानं बोट चाखलं. पाणी केव्हाच गोडं झालं होतं. "अजून जरासं…" तो म्हणाला. "उद्याही धुवावं लागेल."

तिनंही चाखलं. तिच्याही जिभेला सगळं कळलं. "हो," ती म्हणाली. "फारच खारट आहे."

उरलेली फळं एका डबीत घालून भिंग दुसऱ्या शहरात निघाला. तिथल्या संग्रहात वाळवलेले जुने नमुने होते. त्यांच्याशी ताडून पाहिलं की नाव पक्कं. जाताना त्यानं तिला सूचना दिली. सूचना लहान होती.

"काहीही करू नका. तेच काम आहे."

"पाणी?"

"मी येईपर्यंत नाही. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आणि तिला तहान लागली तर?"

"तिला नाही लागत." मग दारात वळून म्हणाला, "तुम्हाला लागली तर तुम्ही प्या."

पहिल्या दिवशी झारीनं काहीही केलं नाही. फार दमली. दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, थोरलीलाही चुकल्यासारखं होतंय. ज्याला भेटायचं तो समोर नसला की माणूस समोर असलेल्याचं काहीतरी करतो. कुणी केसांवरून हात फिरवतं, कुणी जेवायला वाढतं. नेचेघरात तयार झालेली मुलगी काय करणार? तिनं ओंजळभर पाणी दिलं. एक घोट. तेवढ्यानं काय होतंय?

काही झालं नाही. तेवढ्यानं खरंच काही होत नाही. पण आठवण दिवसातून एकदाच थोडी यायची? दारातून ऊन आलं की यायची. तसराळं दिसलं की यायची. भिंग दिसलं की यायची, आणि भिंग तो खुंटीलाच विसरून गेला होता. प्रत्येक वेळी एक घोट. संध्याकाळपर्यंत झारी रिकामी!

त्याचा फोन यायचा. संग्रहाची किल्ली ज्या बाईंकडे होती, त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्यासोबत गेली होती. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचा दीड.

"थोरली कशी आहे?"

"मजेत."

"पाणी?"

"…छे."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कशा आहात?"

"मला पण नको," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर कपाळावर हात मारून घेतला. मग अर्थात थोरलीला एक घोट.

पण हे फोन पहिल्या पंधरवड्यातले. त्याच्या अखेरीस थोरलीनं पानं टाकायला सुरुवात केली. चंदेरी पानं पिवळी झाली, मग तपकिरी, मग खाली. खोडाचा बुंधा दाबला तर बोट आत गेलं. कुंडीतून वास आला. नेचेघरात तिनं इतकी वर्षं घेतलेला ओला, हवाहवासा वास, आणि इथे तो मरणाचा होता.

झारीनं हातातली झारी उपडी ठेवली. तहानेनं कधीच न मेलेलं झाड तिनं आठवणीत बुडवून मारलं होतं.

रडून झाल्यावर तिनं जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. बागेच्या मागच्या भिंतीला याच कुळातल्या दुसऱ्या जातीचं कुंपण होतं. तिला सगळे धाकटी म्हणत. तीच चंदेरी राख, तोच खारटपणा, पैशाला पासरी. झारीनं कुंपणातली एक कमरेएवढी धाकटी मुळासकट काढली, थोरलीच्या कुंडीत बसवली, वर वाळू पसरली. कुंपणात जी फट पडली तिथे एक खराटा उलटा रोवला. तो बरा दिसत होता.

आणि थोरली? तिला कचऱ्यात टाकायला हात होईना. तिनं मुळांभोवतीचा चिखल झटकला, कुजलेली मुळं कापली आणि नेचेघराच्या बॉयलरमागच्या उबदार कोपऱ्यात, एका कोरड्या वाळूच्या घमेल्यात तिला ठेवलं. नीट, उभी. त्यानंतर ती त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. तोंड नव्हतं.

घरी तिचे बाबा जेवायला वाढत होते. बाबा वाहतूक पोलीस होते. निवृत्त होऊन काळ लोटला तरी हात निवृत्त झाले नव्हते. आमटीचं भांडं डावीकडून येत असलं की उजवीकडची पोळी हातानं थांबवायचे.

"चेहऱ्यावर लाल दिवा का?" त्यांनी विचारलं.

"बाबा, अपघात झाला आणि कुणी पाहिलं नाही, तर काय करायचं?"

"गाडी जागेवरून हलवायची नाही."

झारीनं घास परत ताटात ठेवला. "आणि… हलवली असेल तर?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षं चौकात उभं राहून माणसाचा पुढचा वळसा त्यांना आधीच कळायचा. "मग तिथे उभं राहून सांगायचं, की हलवली ती मी. पळून गेलेल्या ड्रायव्हरला पुढे प्रत्येक चौकात मीच दिसतो." मग आमटीला हातानं पुढे बोलावत म्हणाले, "मेलं कोण?"

"एक झुडूप."

"बरं." बाबांनी आमटीला हातानंच थांबवलं. "कुणाचं?"

तिनं आमटीत बुडवलेली पोळी बाहेरच काढली नाही. बाबांना उत्तर मिळालं.

अखेर किल्ली मिळाली, आणि भिंग परतला तो समितीच्या पाहणीच्याच दिवशी, पाटी छापूनच. प्रश्नचिन्ह नसलेली! तो पावसातून धावत आला होता. केस निथळत होते, डोळे चमकत होते. आधी त्यानं झारीकडे पाहिलं, मग नाइलाजानं कुंडीकडे.

तो थांबला.

झारी सांगणारच होती. ओठांवर आलं होतं. पण दारात अधीक्षकबाई आल्या, गुंडाळीसकट. त्यांच्यामागे पावतीशिवाय न हसणारे हिशेबनीस आले. आणि सर्वांत शेवटी समितीचे मानद सदस्य, अतिशय म्हातारे, ज्यांना सगळे आजोबा म्हणत आणि जे फक्त बैठकीतल्या बिस्किटांसाठी येत.

भिंगानं खुंटीवरचं भिंग घेतलं. पानाशी नेलं. पानाची कड बघितली. एक पान तोडून जिभेवर ठेवलं. छपरावरचा पाऊस तेवढा बोलत होता.

मग त्यानं मान वर केली आणि झारीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या हातात, पहिल्यांदाच, झारी नव्हती.

"हीच का ती?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"हो," भिंग म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका झाडाचं नाव चुकीचं सांगितलं होतं. कान असे पेटले होते, की आजोबा शेकायला जवळ सरकले.

"नाही," झारी म्हणाली.

सगळे वळले.

"ही थोरली नाही. ही कुंपणातली धाकटी आहे."

"थोरलीच आहे," भिंग म्हणाला.

"नाहीये! तुम्हाला चांगलं माहितीये."

"माझं काम आहे ओळखणं. मी ओळखली."

"तुम्ही कशाला खोटं बोलताय?"

"तुम्ही कशाला खरं बोलताय?"

"कारण थोरली मेली! मी मारली! पाणी घालून घालून…"

"अगं, तू गप्प बस ना जरा!"

आजोबांनी बिस्किटाची वाट बघणं थांबवलं आणि त्या 'तू'कडे कान टवकारले. भिंगाच्याही ते लक्षात आलं, पण आता बाण सुटला होता. झारी रडता रडता थांबली, कारण दोन्ही एकदम जमत नव्हतं.

हिशेबनीस खाकरले. "म्हणजे मूळ झुडूप मृत?"

"हो," झारी म्हणाली.

"मृतदेह?"

"बॉयलरच्या मागे."

तर मग समिती निघाली. पुढे झारी, तिच्यामागे भिंग, मागून एकाच छत्रीत न मावणारी समिती. नेचेघराजवळ आजोबांनी आदरानं टोपी काढली. अधीक्षकबाईंनी गुंडाळी अर्धी उलगडून ठेवली होती. पहिला बाण बाहेर डोकावत होता.

बॉयलरमागे ऊब होती, कोरडी. घमेल्यात थोरली उभी होती, काटक्यांची, राखाडी, जशी ठेवली तशी. झारीनं तोंड फिरवलं.

भिंग गुडघ्यांवर बसला. त्यानं अंगठ्याच्या नखानं एक काटकी खरवडली. तपकिरी. दुसरी खरवडली. तपकिरी. मग तो खाली वाकला, अगदी बुंध्याशी, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"इकडे ये," तो म्हणाला. आवाज कसातरी झाला होता. "नख लाव."

तिनं नख बुंध्यावर फिरवलं. वरची साल निघाली. खाली हिरवं होतं. ओलसर, स्वच्छ, लाज वाटावी इतकं हिरवं. आणि वाळू बाजूला सारली तर पिठात बुडवल्यासारखे चंदेरी कोंब, बोटाच्या पेराएवढे, दाटीवाटीनं वर येत होते.

"पण… मी तर काहीच केलं नाही," झारी म्हणाली. "महिनाभर. बघायलाही आले नाही."

"तेच तर काम होतं!" भिंग म्हणाला, आणि इतका मोकळा हसला की बॉयलरमागच्या पाली हलल्या. झारी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही. आता जमत होतं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाहेर पावसात ठेवला होता.

"ओळख पटवा," हिशेबनीस म्हणाले.

झारीनं एक कोवळं पान खुडून जिभेवर ठेवलं. "खारट आहे," ती नाक ओढत म्हणाली.

भिंगानं तिच्या गालाकडे पाहिलं. "हा नमुना धरता येणार नाही. डोळे पूस आणि दुसरं घे."

तिनं डोळे पुसले. दुसरं घेतलं. खारट… आणि मागून, सावकाश, किंचित कडू.

"थोरलीच," ती म्हणाली.

मग प्रत्येकानं नख लावून पाहिलं. अधीक्षकबाईंनीसुद्धा, गुंडाळी काखेत मारून, आणि त्यांच्या तोंडून "अगोबाई!" निघून गेलं. पण हिशेबनिसांची अडचण मिटेना. त्यांच्याकडे जिवंत आणि मृत असे दोनच रकाने होते, आणि हे झुडूप बुंध्यापाशी जिवंत होतं व वर मृत. शिवाय प्रत्यक्ष ओळखणाऱ्यानंच आज एकदा चुकीची ओळख दिली होती.

"मग असं करा," आजोबा म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलत होते. "ती पुन्हा फळ धरील तेव्हा पुन्हा तपासा. तोवर निर्णय पुढे ढकला."

"आणि तिनं धरलंच नाही तर?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"किंवा पुढच्या वर्षी नर झाली तर?" भिंग मदतीच्या सुरात म्हणाला.

"तर पुढे ढकलूच," आजोबा म्हणाले. "मी काही घाईत नाही. बिस्किटं कुठायत?"

ज्यांनी कुठल्याही कचेरीत काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की पुढे ढकललेल्या निर्णयाइतकं सुरक्षित या जगात काही नसतं. गुंडाळी परत गुंडाळली गेली.

सगळे गेल्यावर दोघं बॉयलरला पाठ टेकून बसले. बाहेर पावसानं सूर धरला होता.

"तुला केव्हा कळलं?" तिनं विचारलं. तिचाही 'तू' झाला होता, कुणी सांगितलं नव्हतं.

"दारातूनच. धाकटीच्या पानाची कड सुरकुतलेली असते. शिवाय येताना कुंपणात एक खराटा पाहिला. त्याला मुळं नव्हती."

"मग हो का म्हणालास?"

तो भिंगाच्या दोरीला गाठी मारत राहिला. "मला वाटलं… झाडाचं नाव चुकलं तर पाटी बदलता येते."

"आणि?"

"आणि तू परत नेचेघरात गेलीस, तर तसराळ्यात दुसरी दोन बोटं कुणाची घालू?"

झारीनं त्याच्या दोरीची एक गाठ सोडवली. बॉयलर एकदा गडगडला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू इतकं पाणी घातलंस तरी का? मी सांगून गेलो होतो."

"तुझी आठवण आली की एक घोट," ती गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली.

तो गणित करत राहिला. कुंडीचा आकार, कुजलेली मुळं, दिवस. उत्तर हळूहळू त्याच्या कानांपर्यंत पोचलं.

"एवढी?" तो म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत झारी रिकामी व्हायची."

"माझ्यासाठी," तो गंभीरपणे म्हणाला, "आजवर कुणी झाड मारलं नव्हतं."

"मेलं नाही."

"प्रयत्न तर केलास."

तिनं त्याला कोपरानं ढोसलं. मग तिचं डोकं त्याच्या ओल्या खांद्यावर कसं गेलं हे सांगता येणार नाही, कारण तेव्हा आपण दुसरीकडे बघत होतो.

पुढच्या आठवड्यात तो तिच्या घरी आला. बाबा दारात उभे होते. त्यांनी उजवा हात आडवा केला. थांबा. भिंग पायरीवर एका पायावर थांबला. बाबांनी त्याला खालून वर पाहिलं.

"झाड याचंच होतं का?" त्यांनी आत विचारलं.

"हो, बाबा."

"आणि खोटं हाच बोलला?"

"हो."

"तुझ्यासाठी?"

"…हो."

बाबांनी क्षणभर दोन्ही बाजूंची वाहतूक पाहिली. मग हात सावकाश उचलला आणि आतल्या दिशेनं वळवला. चला, पुढे.

त्यापुढचं पहिल्या ओळीत आहे, आणि ती ओळ आपण वाचलेली नाही.

थोरली आता कुंडीत परत आली आहे. तिच्या कोंबांची छाटकलमं वाळूत रुजताहेत, आणि धुतलेल्या बियांना इवली पानं फुटली आहेत, तीही पिठाळलेली. तिनं अजून पुन्हा फळ धरलेलं नाही आणि तिला कुणी आग्रहही करत नाही. कुंपणातला खराटा तिथेच आहे. भिंग त्याला पाटी लावण्याच्या विचारात आहे. फक्त कोरड्या विभागाच्या दारावर एक सूचना लागली आहे: झारीनं झारी आत आणू नये. त्यावर तिनं रीतसर अर्ज केला आहे. तो अधीक्षकबाईंच्या टेबलावर, वाहनतळाच्या गुंडाळीखाली, अजून पडून आहे:

'विषय: कोरड्या विभागात एक पाणथळीतले झाड मंजूर करणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदारास कामाच्या वेळेत वारंवार आठवण येते. संबंधित व्यक्ती आता रोज हाताच्या अंतरावर उपस्थित असते, तरीही आठवणीच्या प्रमाणात कोणतीही घट झालेली नाही, उलट वाढच आहे. सदर आठवणीचे पाणी विभागातील विद्यमान झुडपांना सोसत नाही, हे पूर्वी सिद्ध झालेले आहे. सबब, कितीही पाणी घातले तरी न बुडणारे एक झाड वाळूच्या मधोमध लावून मिळावे, व ते आमच्या दोघांच्या हयातीपर्यंत कायम ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'